चूळभर नदी

“सरू, पाय! शेवाळ आहे तिथं!”

आईचा आवाज म्हणून माझ्यापाशी एवढाच आहे. चेहरा फोटोतला आठवतो, हाताला येणारा हळदीच्या पानांचा वास आठवतो. आवाज म्हणाल तर ही एक हाक. भाद्रपदातली सकाळ होती. काळू नदी घाटाच्या निम्म्या पायऱ्या पोटात घेऊन बसली होती, आणि मी, पाच-सहा वर्षांची, हातातली घंटा वाजवायची सोडून पाण्यातले बुडबुडे बघायला वाकले होते. आईने तोंडातली चूळ टाकली आणि ओरडली. मी जागच्या जागी थिजले. पडले नाही.

पण आई बोलली होती.

आमच्या घरी गौरी खड्यांच्या. घरातल्या बाईने नाहीतर मुलीने नदीवर जायचं, पात्रातले पाच खडे वेचून ताम्हनात घ्यायचे, नदीच्याच पाण्याने चूळ भरायची आणि ती तोंडात तशीच धरून घरी यायचं. मागून कुणीतरी घंटा वाजवत चालायचं. वाटेत बोलायचं नाही, वळून बघायचं नाही, मानेनेसुद्धा हो-नाही करायचं नाही. गौर देवापाशी बसली की तुळशीत चूळ टाकायची आणि मोकळं व्हायचं. वाटेत बोललं, तर खडे नदीचे नदीला परत. त्या वर्षी घरात गौर नाही.

आईने ताम्हन पाण्यात कलतं केलं. त्या वर्षी आमच्याकडे गौर बसली नाही. माघात आई तापाने गेली.

तात्या, म्हणजे आमचे वडील, त्यावर कधी काही बोलले नाहीत. पण मथूआत्या, त्यांची थोरली बहीण, सणावाराला यायची. ती एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “गौर हातात असताना बोलली. तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं होतं.” माझी मोठी बहीण अंबूताई तिच्या शेजारीच बसली होती. तिच्या बोटांत तांदळातला एक खडा होता. तो तिने सुपाबाहेर टाकला नाही, मुठीत धरून बसली.

पुढच्या भाद्रपदात गौर आणायला अंबूताई गेली. शाळकरी पोर, परकर सावरत, गाल फुगवून, डोळे ताम्हनावर लावून. मी मागून घंटा वाजवत चालले होते. तिला हसवायला मी वेडीवाकडी तोंडं करत पुढे धावले, तर ती माझ्या आरपार बघत निघून गेली. मग दर वर्षी गौर तिची आणि घंटा माझी, असं ठरूनच गेलं.

शेलवळी कल्याणहून एसटीने तासाभराच्या वाटेवर. नदी गावाला कडेवर घेतल्यासारखी वळण घेऊन जाते. घाटावर महादेवाचं देऊळ, देवळाच्या पाठीशी पांढऱ्या चाफ्याची झाडं, आणि पायऱ्या चढून वर आलं की आमचं ‘वझे भोजनगृह’. पाटी तात्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली. रविवारी मुंबईची माणसं यायची, पाय पाण्यात सोडून बसायची, चाफ्याची फुलं वेचायची आणि भूक लागली की आमच्याकडे यायची. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, आमटी, भात, ताक. सगळं अंबूताईच्या हातचं. जेवून उठताना प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असायचं, “काय सुंदर गाव आहे हो तुमचं! नशीबवान आहात.”

तात्या हात जोडायचे. ताई आत जाऊन आणखी ताक घेऊन यायची.

ताईचा गळा आईचा होता, असं गावातल्या बायका म्हणायच्या. धुणं घेऊन घाटावर गेली की आईच्या ओव्या म्हणायची. पलीकडच्या काठावरची गुरं माना वर करायची, असं मी मैत्रिणींना सांगायचे. थोडं खोटं होतं, पण फार नाही.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते त्या वर्षीची गोष्ट. गौरींच्या आदल्या संध्याकाळी मधूमामा अचानक उगवला. आईचा धाकटा भाऊ. गिरगावात राहायचा, टेलिफोन खात्यात होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छत्री उलटी झालेली.

“मोदक संपत आल्यावर आलास, मधू,” मथूआत्या दारातच म्हणाली. “गणपतीचा उंदीरसुद्धा तुझ्याआधी पोचला.”

“उंदराला एसटी धरावी लागत नाही, मथूताई.”

पानं मांडली. मामा नेहमी जेवता जेवता बोलायचा. पण त्या दिवशी पहिला भात होईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, “तात्या, आमच्याकडे मुली घेताहेत. ट्रंक कॉल जोडायला. मॅट्रिक हवी आणि आवाज हवा. मी साहेबांना म्हटलं, आवाज मी आणतो. माझी मॅट्रिक झालेली भाची आहे शेलवळीला.” त्याने ताईकडे बघितलं. “परवा सकाळी भेटायला बोलावलंय. उद्याच्या गाडीने घेऊन जातो. राहायला मी आहे, मामी आहे. काळजी नाही.”

तात्या आमटीत बोट फिरवत राहिले.

मामाने रिकामं फुलपात्र उचलून कानाला लावलं. “हॅलो, हॅलो! शेलवळी का? मला जरा पुणं द्या हो.”

ताई भात वाढत होती. तिने भातवाढी कानाशी नेली. ती असलं काही करेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. “थांबा हं,” ती म्हणाली. “पुणं लावून देते... हं, बोला. पुणं आलंय.”

आत्याचा हातसुद्धा घास घेऊन थांबला. खेळातलंच बोलणं, पण त्या आवाजाने पुणं खरंच चुलीपाशी येऊन उभं राहिलंय असं वाटलं.

“ऐकलंत?” मामा म्हणाला. “हा आवाज काय आमटी ढवळायला ठेवणार तात्या?”

“बघू,” तात्या म्हणाले.

“बघू म्हणजे?”

“बघू म्हणजे बघू. रविवारी माणसं येतात. त्यांच्या पानात काय वाढायचं? पाटी?”

“सरू आहे की.”

“सरूला पाणी उकळता येत नाही,” आत्या म्हणाली.

“येतं!” मी म्हणाले. “परवाच उकळलं होतं. पातेलं करपलं, ते वेगळं.”

सगळे हसले. ताई भाताचं पातेलं घेऊन आत गेली.

आमच्या घरात मुलींच्या बाबतीतल्या गोष्टी ठरायच्या नाहीत. ‘बघू’ म्हणून उंबऱ्यात ठेवल्या जायच्या, आणि मग येता-जाता त्यांना ओलांडायची सगळ्यांना सवय व्हायची. ताईला काय वाटतं ते त्या संध्याकाळी कुणी विचारलं नाही. मामालाही वाटलं असणार की विचारायचं ते तात्यांना. मीही विचारलं नाही. मी तर फुलपात्र कानाला लावून घरभर हिंडत होते.

“सरू, इकडे ये,” ताईने हाक मारली. ती दुसऱ्या दिवसाच्या चिंचेचा कोळ काढत होती. “ऐक. आमटीत मीठ आधी घालायचं नाही. चिंच पडली, गूळ पडला, उकळी फुटली की मग. आणि चव बघितल्याशिवाय पातेलं उतरवायचं नाही.”

“हॅलो, हॅलो, मीठ आलंय. बोला.”

“चेष्टा नको. तात्यांना किंचित अळणी लागते. त्यांच्यापुरती आधी काढून ठेवायची, मग बाकीच्यांचं मीठ. राहील लक्षात?”

“राहील गं. पण मला कशाला सांगत्येस?”

“सांगून ठेवते,” ताई म्हणाली आणि कोळ गाळत राहिली.

सकाळी आभाळ उघडलं होतं, पण वर डोंगरात पाऊस झाला असावा. नदी रात्रीतून फुगली होती. ताईने डोक्यावरून अंघोळ केली, आईची अंजिरी साडी नेसली आणि ताम्हन घेऊन निघाली. घंटा घेऊन मी तिच्या मागे. घाटाच्या कडेला, जिथे पाणी उथळ होतं, तिथे ती वाकून खडे वेचू लागली. एकेक खडा उचलायचा, धुवायचा, उन्हात बघायचा. वेचता वेचता ती आईची ओवी म्हणत होती.

नदी चालली सासरी, वाटेने बोलत जाई
काठ उभा तोंड मिटून, त्याला पुसे कुणी नाही

“ताई, आज लवकर आवर ना. मोदक उरलेत.”

तिने माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. मग ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं आणि उभी राहिली. मी घंटा वाजवायला सुरुवात केली.

घाटाच्या पायऱ्या संपून पाणंद सुरू होते, तिथे उंबराचं झाड आहे. आम्ही तिथे पोचतो न पोचतो तोच एसटीचा हॉर्न ऐकू आला. लांबलचक. आणि पाणंदीच्या वरच्या अंगाने तात्या आणि मामा अक्षरशः धावत येताना दिसले. मामाच्या खांद्याला पिशवी. तात्यांच्या धोतराचा सोगा चिखलात भिजलेला, पायात एकच चप्पल.

“फरशीवर पाणी चढायला लागलंय,” मामा लांबूनच ओरडला. फरशी म्हणजे गावाबाहेरचा बुटका पूल. पाणी चढलं की शेलवळी जगापासून तुटायची. “कंडक्टर थांबत नाही म्हणतो. आत्ता गेली तर गेली, नाहीतर गाडी इथेच अडकणार!”

तात्या येऊन ताईच्या समोर उभे राहिले. धाप लागली होती. आदल्या दिवशी विचारायचं ते त्यांनी आता विचारलं.

“अंबू, मामा निघालाय. तुला... तुला जायचंय का? तू म्हणशील तसं. मी अडवणार नाही.” जरा थांबले. “आता गौर आहे, परवा रविवार आहे. माणसं येतील. पण ते मी बघेन काहीतरी. तू तुझं सांग.”

ताई त्यांच्याकडे बघत उभी. गाल पाण्याने भरलेले.

“अगं, हो म्हण आणि चल!” मामा म्हणाला. “टाक ती चूळ!”

“मधू!” तात्या एकदम दचकले. “गौर आहे हातात.”

“मग मान तरी हलव पोरी.”

मी ताईच्या बाजूला येऊन उभी राहिले होते. घंटा वाजवायची थांबले होते, म्हणून दुसरा एक आवाज मला ऐकू आला. ताम्हनातले खडे एकमेकांवर वाजत होते. किणकिण, अगदी बारीक. सकाळच्या गार पाण्यात उभी होती म्हणून हात कापतायत, असं मला वाटलं. तिने तात्यांकडे बघितलं, मग खड्यांकडे बघितलं. ओठांच्या कडेतून पाण्याची एक धार निघाली आणि हनुवटीवर आली. तिने ओठ आणखी घट्ट मिटले.

हॉर्न पुन्हा वाजला.

“नाही म्हणत्येय ती,” तात्या म्हणाले. हळू म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा चेहरा सैल पडला. “तिला नाही सोडवायचं घर. नदीकाठची पोर आहे. मी ओळखतो तिला.”

“ओ पाहुणे!” वरून कंडक्टर ओरडला. “येताय, का काढू गाडी?”

मामाने कपाळ पुसलं. “आता साहेबांना काय सांगू? शेलवळीहून मुलगी आणतो म्हणून शब्द दिलाय.”

“मी येऊ?” मी म्हणाले.

ते असंच आलं तोंडातून. ताटात मोदक उरलाय तर मी घेऊ, अशासारखं. माझं तोंड मोकळं होतं, एवढंच.

मामा माझ्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत राहिला. “तुझा आवाज कसा आहे गं?”

“कसा म्हणजे? हा असा.”

“तात्या?”

तात्यांनी एकदा ताईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “जाऊ दे. एकीचं तरी होऊ दे.”

“कपडे?” मी म्हणाले.

“मामीचे घालशील. चल, धाव!”

मी घंटा तात्यांच्या हातात दिली. ताईला काहीतरी म्हणावं म्हणून तिच्याकडे वळले, पण तिला बोलता येणार नव्हतं. “पत्र पाठवते,” असं काहीतरी म्हणाले आणि मामाच्या मागे धावत सुटले.

गाडी फरशीवर आली तेव्हा पाणी चाकांना लागत होतं. ड्रायव्हरने देवाचं नाव घेतलं. मी खिडकीतून मागे बघत होते. पाणंदीने ताई घराकडे चालली होती, ताम्हन छातीशी, पाठ ताठ. तिच्या मागे तात्या घंटा वाजवत होते. त्यांना सवय नव्हती. दोन टोले लागोपाठ पडायचे, मग एक राहून जायचा. ताईने वळून बघितलं नाही. गौर घेऊन चाललेल्या बाईने वळून बघायचं नसतं.

माझी निवड झाली. आवाज बरा आहे, साहेब म्हणाले, आणि शिकण्याजोगी आहे. मग वर्षानुवर्षं मी कानाला हेडफोन लावून बसले आणि लोकांना म्हणत राहिले, “बोला, लाइन जोडली आहे.” ताटकळून कॉल लावणारी माणसं जोडणी मिळाली की गप्प बसायची. “कसं काय?” “ठीक.” “तिकडे पाऊस?” “आहे.” आणि मिनिटं संपत आली की दोन्हीकडून एकदम बोलायला लागायची. मी मधून म्हणायचे, “बोला, बोला. वेळ संपतेय.”

मुंबईत माझं सगळं झालं. लग्न, दोन मुलं, पार्ल्याला घर. सासरी गौरी नव्हत्या, म्हणून दर भाद्रपदात मी शेलवळीला यायचे. गौर ताईची, घंटा माझी. ताईला स्थळं आली होती. तात्या ‘बघू’ म्हणाले. मग स्थळं यायची थांबली, मग तात्याही गेले. ताई भोजनगृह चालवत राहिली. पुढे गावात फोन आला, तेव्हा मी तिला फोन करायचे. “कशी आहेस?” “बरी आहे. नदीला पाणी चढलंय.” मी ‘बोला’ म्हणणारी बाई, पण माझ्या बहिणीशी माझं बोलणं पाण्याच्या पुढे कधी गेलं नाही.

तिच्या ओव्या कधी थांबल्या, हे मला सांगता येणार नाही. कधीतरी लक्षात आलं की घाटावर नुसता धुण्याचा आवाज येतो.

मुलं विचारायची, मावशी इकडे का येत नाही राहायला? ऑफिसातल्या मैत्रिणी विचारायच्या. मी सगळ्यांना एकच सांगायचे, “ताईला गाव सोडवत नाही. नदीशिवाय ती जगायचीच नाही.” तात्यांचंच वाक्य. ते इतक्या वेळा सांगितलं की त्यात माझा आवाज किती आणि त्यांचा किती, हे कळेनासं झालं.

गेल्या भाद्रपदात मी निवृत्त होऊन पहिल्यांदाच सावकाश, आठ दिवसांसाठी म्हणून गेले. गाव बदललंय. फरशीच्या जागी उंच पूल झालाय. पलीकडच्या काठावर मुंबईकरांचे बंगले. शनिवार-रविवार घाटावर गर्दी असते, सगळ्यांच्या हातात मोबाईल. भोजनगृहाला आता नवी पाटी आहे, पण जुनी ताईने काढली नाही, आतल्या भिंतीला लावली आहे.

सकाळी आम्ही नदीवर गेलो. ताईचे केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात, पण खडे वेचायची रीत तीच. उचलायचा, धुवायचा, उन्हात बघायचा. तिने चूळ भरली. मी घंटा हलवली. आम्ही वर चढायला लागलो.

पायऱ्यांवर एक मुलगी आमचं चित्रण करत उभी होती. पंचविशीतली, गळ्यात कॅमेरा, चेहरा अगदी लोभस. “किती सुंदर!” ती म्हणाली. “काकू, तुम्ही इथेच राहता? कायमच्या?”

ताई थांबली. बोलता येत नव्हतं, म्हणून मी उत्तर दिलं.

“हो. ही माझी मोठी बहीण. जन्म इथेच काढला तिने.”

“कसलं लकी! मला कुणी सांगितलं ना, तर आजच येऊन राहीन मी. तुम्हाला कधी शहरात जावंसं नाही वाटलं काकू?”

“छे!” मी हसून म्हणाले. “आली होती संधी. पण तिला गाव सोडवत नाही. नदीशिवाय ती जगायचीच नाही.”

ताईने माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत गौर हातात असताना तिने कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं. डोळे ताम्हनावरून उचलून तिने सरळ माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवायला त्या मुलीकडे वळले, “चला, जेवायला या हं दुपारी,” असं काहीतरी म्हणत एक पायरी बाजूला झाले.

“सरू, पाय! शेवाळ आहे तिथं!”

मी थिजले. पाय हवेतच राहिला. क्षणभर मला खरंच कळेना की कुठल्या भाद्रपदात उभी आहे. तोच आवाज. तोच चढ, ‘पाय’वर तोच झटका. मी वळून बघितलं. ताईच्या पुढ्यातल्या पायरीवर पाणी सांडलं होतं, आणि तिचे ओठ उघडे होते.

ती मुलगी घाबरली. “लागलं का काकू? सॉरी हं.”

“नाही, काही नाही,” ताई म्हणाली. “जा बाई तू. दुपारी ये जेवायला.”

मुलगी गेली. आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसलो. मध्ये ताम्हन.

“आता गं?” मी म्हणाले. “परत वेचायचे का?”

“एकदा बोललं की नाही. आईने वेचले होते का परत?” ताईने वाकून खालच्या पायरीवरच्या पाण्यात ताम्हन कलतं केलं. खडे एकेक करून घरंगळले. तिचा हात जराही कापत नव्हता.

“तुला भीती नाही वाटत?”

“आता कोण जायचं राहिलंय आपल्यात? मी नाहीतर तू.” ती हसली. “मला वाटत होतं, तोंड उघडलं की घरातलं माणूस जातं. आई गेली तेव्हापासून वाटत होतं. आता तोंड उघडलं, तर तू पडायची वाचलीस.”

“आई तापाने गेली ताई.”

“ते आता कळतं गं. तेव्हा तात्या समोर उभे होते. एकच चप्पल पायात.”

नदी खाली खळाळत चालली होती. मी घंटा मांडीवर ठेवली.

“त्या दिवशी,” ताई म्हणाली, “घरी पोचले. गौर बसवली. तुळशीत चूळ टाकली. तेव्हा तुमची गाडी फरशीच्या पार गेली होती. हॉर्नसुद्धा ऐकू येईना. तात्या माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बरं झालं अंबू, तू राहिलीस. मग काय बोलायचं?”

मी तिचा हात धरला. ओला होता.

“आदल्या संध्याकाळी तुला आमटीचं मीठ शिकवलं होतं. आठवतं?”

“आठवतं.”

“कशाला शिकवतेस म्हणून विचारलंस. मी म्हटलं, सांगून ठेवते. पुढे कधी विचारलं नाहीस.”

सगळा जन्म परक्या माणसांना जे म्हणत आले, ते मी तिला म्हणाले.

“बोल, ताई.”

तिने पलीकडच्या काठाकडे बघितलं, मग पुलाकडे, जिथून गाडी जाते.

“मला जायचं होतं, सरू.”